खांड पडल्यानंतर: खारेपाटातील एका गावाने पाच अनिश्चित उद्दिष्टे कशी तोलली

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या खारेपाटात, खाडीच्या काठावर वसलेल्या एका गावाचे हे प्रकरण आहे. गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही आकडे ढोबळ केले आहेत. गावाची सुमारे ९० एकर भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. खाडीचे पाणी अडवणारा मातीचा बांध, ज्याला इथे बाहेरकाठा म्हणतात, आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी उघाडी, या दोहोंवर ती शेती पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. पूर्वी बांधाची डागडुजी दरवर्षी श्रमदानाने होत असे. तरुण मंडळी कारखान्यांत आणि मुंबईकडे नोकरीला लागली तशी ती प्रथा क्षीण झाली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. त्यात बांधाचा माथा जागोजागी खचला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमधील उधाणाच्या भरतीला बाहेरकाठ्याला मोठी खांड, म्हणजे भगदाड, पडली. त्या हंगामाचे भात कुजले आणि पुढच्या वर्षी पेरणीच झाली नाही. मे २०२१ मध्ये गावाजवळच्या विहिरीच्या पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला १,७०० मिलिग्रॅम भरले. खांड पडण्यापूर्वी उन्हाळ्यात हाच आकडा ८०० च्या आसपास असे.

त्या सुमारास गावच्या शेतकरी समितीने माझ्याकडे मदत मागितली. मी अभियांत्रिकीचा शिक्षक असून निर्णयगणित हा माझ्या शिकवण्याचा विषय आहे; शिवाय माझे आजोळ खारेपाटातच आहे. त्यामुळे मी पूर्णपणे तटस्थ होतो, असा दावा मी करत नाही.

अडचण

समितीपुढे चार वाटा होत्या. पहिली, जुना बाहेरकाठा पूर्ण दुरुस्त करून सर्व ९० एकरांत पुन्हा भात घ्यायचे. दुसरी, बाहेरच्या एका व्यावसायिकाला सगळी जमीन कोळंबी संवर्धनासाठी भाडेपट्ट्याने द्यायची. तिसरी, खांड तशीच राहू द्यायची आणि जे उगवेल ते उगवू द्यायचे. चौथी वाट एका निवृत्त पाटकऱ्यांनी सुचवली होती: खाडीलगतची सुमारे ३० एकर जमीन भरतीला सोडून द्यायची, आतल्या बाजूला नवा, आखूड बांध घालायचा, उरलेल्या ६० एकरांत क्षार सोसणारे भात घ्यायचे आणि त्यातल्या सखल सहा एकरांत जिताडा या माशाची तळी करायची.

वरवर पाहता प्रश्न फायद्या-तोट्याचा दिसत होता, परंतु सभांमध्ये वाद अडत असे तो शब्दांवर. कोळंबीवाल्यांच्या बाजूचे लोक म्हणत, ‘उत्पन्न चांगले आहे’. भातवाले म्हणत, ‘जोखीम फार आहे’. आणि ‘चांगले’ म्हणजे किती, ‘फार’ म्हणजे किती, हे कोणी सांगत नसे. त्यात भर म्हणजे एकही आकडा पक्का नव्हता. क्षार किती पावसाळ्यांत धुऊन जातील, कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येईल का, शासकीय निधी मिळेल का आणि मिळाला तर केव्हा, यांपैकी कशाचेच खात्रीचे उत्तर नव्हते.

तिसऱ्या वाटेत आणखी एक गोष्ट दडलेली होती, जी प्रारंभी फार थोड्यांच्या लक्षात आली. खांडीजवळ तिवराची, म्हणजे कांदळवनातील झाडांची, रोपे उगवू लागली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार राज्यात कांदळवनाची तोड करता येत नाही, मग जमीन खासगी मालकीची असो वा सरकारी. आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित असतो. त्यामुळे ‘सध्या काहीच करू नये’ हा पर्याय दिसायला तात्पुरता असला, तरी दोन-तीन वर्षांत तो कायमचा झाला असता. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते आणि माशांच्या पिलांना आसरा देते, हे मला मनापासून मान्य आहे. मात्र ते कुठे वाढू द्यायचे याचा निर्णय गावाने विचारपूर्वक घ्यावा, नुसत्या दिरंगाईने तो होऊ नये, असे मला वाटत होते.

फझी लॉजिक कशासाठी

मे महिन्यातील आपल्या विहिरीच्या पाण्याला गावात कोणी गोडे म्हणत नाही आणि खारेही म्हणत नाही. ते मचूळ असते. ही पाणी गोडे असण्याची शक्यता नव्हे. पाणी समोर घागरीत आहे, चाखून पाहिलेले आहे, त्याबद्दल शंका उरलेली नाही. ते काही अंशी गोडे आणि काही अंशी खारे आहे, एवढेच. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या फझी संचांच्या कल्पनेत नेमका हा ‘अंश’ मोजला जातो. एखादी वस्तू संचात आहे किंवा नाही, असे दोनच पर्याय न ठेवता ० ते १ यांमधील मात्रा दिली जाते. १९७० मध्ये रिचर्ड बेलमन आणि झादे यांनी हीच कल्पना निर्णयांना लावली. त्यांच्या मांडणीत उद्दिष्टे आणि मर्यादा दोन्ही फझी संच असतात, आणि निर्णय म्हणजे त्या सर्वांचा छेद. साध्या भाषेत सांगायचे तर, पर्यायाची किंमत त्याच्या सर्वांत कमी समाधान देणाऱ्या उद्दिष्टावरून ठरते.

समितीला मी सूत्रे न दाखवता मचूळ पाण्यापासूनच सुरुवात केली, आणि मला वाटते ते योग्य ठरले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तेव्हा २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. ५०० वा त्याहून कमी असेल तर समाधान १, २,००० ला पोचले की ०, आणि मधे सरळ रेषा. या हिशेबाने खांडीपूर्वीचे पाणी ०.८ आणि खांडीनंतरचे ०.२ ठरले. सभेत बसलेल्या बायकांनी हे आकडे ऐकून मान डोलावली, कारण चवीशी ते जुळत होते.

उद्दिष्टे ठरवताना

तीन बैठकांनंतर पाच उद्दिष्टे निश्चित झाली: उत्पन्न, घरचा तांदूळ, गावाला पेलणारा खर्च, विहिरींचे पाणी आणि परतीची वाट. उत्पन्नासाठी एकरी वर्षाला निव्वळ ५,००० रुपये म्हणजे ‘काही उपयोग नाही’ आणि २५,००० म्हणजे ‘पुरेसे’ असे ठरले. खर्चात एकरी वर्गणी ५,००० पर्यंत सहज, ३०,००० झाली की अशक्य.

सर्वाधिक वाद ‘घरचा तांदूळ’ हे वेगळे उद्दिष्ट असावे की नाही यावर झाला. तरुणांचे म्हणणे असे की पैसा आला की तांदूळ विकत आणता येतो, मग एकच गोष्ट दोनदा का मोजायची? तर्क म्हणून हे बिनचूक होते आणि मीही जवळजवळ मान्य केले होते. तेवढ्यात एक वयस्कर काकी म्हणाल्या, “सर, पैसा पुरुषांच्या हातात येतो, भात कणगीत येतो.” त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही आणि ते उद्दिष्ट यादीत राहिले. तीन महिने वा कमी पुरेल एवढा तांदूळ म्हणजे ०, बारा महिने पुरेल एवढा म्हणजे १. वरकस, म्हणजे उंचावरच्या हलक्या, जमिनीवरचे थोडे भात सर्वच पर्यायांत धरले होते.

‘परतीची वाट’ म्हणजे निर्णय चुकला तर काही वर्षांनी तो फिरवता येईल का. याला मोजण्याचे एकक नसल्याने समितीतील सात जणांनी स्वतंत्रपणे मात्रा लिहून दिल्या आणि त्यांतील मधला आकडा घेतला. हा हिशेबाचा सर्वांत कच्चा भाग होता.

पर्याय तोलताना

प्रत्येक पर्यायाचा प्रत्येक उद्दिष्टावरील परिणाम आम्ही एका आकड्यात न लिहिता तीन आकड्यांत लिहिला: निदान (सर्वांत वाईट), बहुतेक (अपेक्षित) आणि फार तर (सर्वांत चांगला). गावकऱ्यांना त्रिकोणी फझी संख्या समजावून सांगण्याची गरज पडली नाही, कारण हे तीन शब्द ते रोज वापरतात. तांदळाच्या अंदाजासाठी एक ठोकताळा उपयोगी पडला. मातीची क्षारता ३ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असताना भाताचे उत्पादन सहसा घटत नाही. त्यापुढे दर एककामागे ते सुमारे १२ टक्क्यांनी घटते. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या क्षार सोसणाऱ्या जाती याहून थोड्या चिवट आहेत, पण सावधगिरी म्हणून तो फायदा आम्ही ‘फार तर’मध्येच धरला.

‘बहुतेक’ या आकड्यांवरून निघालेल्या समाधानाच्या मात्रा अशा:

| पर्याय | उत्पन्न | घरचा तांदूळ | खर्च | पाणी | परतीची वाट |
|---|---|---|---|---|---|
| जुना बांध, सर्व भात | ०.३० | ०.७८ | ०.२० | ०.८० | ०.९० |
| कोळंबी भाडेपट्टा | ०.९५ | ०.११ | १.०० | ०.३० | ०.३० |
| खांड तशीच | ०.१० | ०.११ | १.०० | ०.२० | ०.०० |
| आतला बांध, भात व जिताडा | ०.५० | ०.५६ | ०.५० | ०.७० | ०.६० |

पहिला निर्णयबिंदू: सरासरी की छेद

समितीतील एका हिशेबनीस सदस्याने हे आकडे घरी नेले, उत्पन्नाला दुप्पट वजन देऊन भारित सरासरी काढली, आणि पुढच्या बैठकीत उत्तर मांडले: कोळंबी ०.६०, आतला बांध ०.५६, जुना बांध ०.५५, खांड तशीच ०.२५. त्याचे गणित अचूक होते. अनेकांना वाटले की प्रश्न सुटला.

येथे मी थांबवले नसते तर गावाने कदाचित कोळंबीचा निर्णय घेतला असता, म्हणून हा क्षण मला महत्त्वाचा वाटतो. सरासरी काढताना आपण न बोलता एक गोष्ट मान्य करतो: एका उद्दिष्टावरचे नुकसान दुसऱ्यावरच्या फायद्याने भरून निघते. उत्पन्नाचा ०.९५ हा आकडा तांदळाच्या ०.११ ला आणि पाण्याच्या ०.३ ला आपल्या पोटात घेतो. मी सभेला विचारले की भाड्याचे पैसे चांगले मिळत असतील तर विहीर मचूळ झालेली चालेल का, आणि किती मचूळ. काही उद्दिष्टांबाबत लोक देवाणघेवाण करायला तयार होते; पाण्याबाबत कोणीच नव्हते.

म्हणून आम्ही बेलमन–झादे यांच्या रीतीने प्रत्येक ओळीतील किमान आकडा पाहिला. आतला बांध ०.५०, जुना बांध ०.२०, कोळंबी ०.११, खांड तशीच ०. उत्पन्नाचे महत्त्व राखावे म्हणून फझी संचांचे अभ्यासक रोनाल्ड यागर यांनी सुचवल्याप्रमाणे त्या मात्रेचा वर्ग करूनही पाहिले; एकाहून लहान आकड्याचा वर्ग आणखी लहान होतो, त्यामुळे उत्पन्नातील उणीव अधिक ठळक होते. आकडे अनुक्रमे ०.२५, ०.०९, ०.११ आणि ० आले. आतला बांध तरीही पहिला राहिला. ‘निदान’चे आकडे घेतले तेव्हा आतल्या बांधाची मात्रा ०.१५ वर घसरली, पण कोळंबीची शून्यावर आली, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग काही दिवसांत तळे रिकामे करू शकतो आणि तसे झाल्यास व्यावसायिक निघून जाईल, ही भीती सर्वांच्या मनात होती. कोळंबीच्या तळ्यांना २००५ च्या किनारी जलसंवर्धन कायद्याखाली नोंदणी लागते. त्या व्यावसायिकाने याबाबत समाधानकारक कागद दाखवले नाहीत, हेही लोकांनी लक्षात घेतले.

किमान पाहण्याच्या रीतीतही दोष आहे. एक उद्दिष्ट कच्चे असले की बाकीची चार कितीही सुधारली तरी आकडा हलत नाही, आणि ‘परतीची वाट’सारख्या अंदाजी मात्रेच्या हाती अख्खा निर्णय जाऊ शकतो. आमच्या तक्त्यात आतल्या बांधाचा किमान आकडा उत्पन्न व खर्च या मोजता येणाऱ्या बाजूंवर होता, म्हणून मी निश्चिंत राहिलो. तसे नसते तर तीच रीत सुचवण्याचे धाडस मी केले नसते.

दुसरा निर्णयबिंदू: बाहेरच्या ३० एकरांचे काय

आतला बांध घालायचा म्हणजे ५२ खातेदारांपैकी ज्या १४ जणांची जमीन मुख्यतः खाडीलगत होती, त्यांची शेती भरतीला सोडायची. समितीने ठरवले की जिताड्याच्या सहा एकर तळ्यांतील उत्पन्नाचा अर्धा वाटा या १४ कुटुंबांना द्यावा. नऊ कुटुंबांनी ते मान्य केले. पाच कुटुंबांनी नाकारले. त्यांचे म्हणणे असे की माशाचा वाटा विश्वासावर मिळतो, जमीन सातबाऱ्यावर असते. तरीही सभेने बहुमताने ठराव केला. मी त्या सभेत होतो आणि मी काही बोललो नाही.

अंमलबजावणी

२०२१ च्या दिवाळीनंतर संबंधित कार्यालयांकडे अर्ज गेले. नव्या बांधाची आखणी तिवराची रोपे कुठवर आली आहेत हे मोजून, त्यांच्यापासून आवश्यक अंतर राखून केली. निधीच्या प्रस्तावाचे उत्तर मुदतीत आले नाही, त्यामुळे समितीने वर्गणी, एका देणगीदाराची मदत आणि श्रमदान यांवर काम सुरू केले. सुमारे ७०० मीटरचा बांध आणि नवी उघाडी मे २०२२ च्या अखेरीस कशीबशी पूर्ण झाली. एकरी वर्गणी १७,५०० धरली होती. ती २०,५०० वर गेली, कारण चिखलमाती वाळण्याआधीच दुसरा थर टाकल्याने एक तुकडा खचला आणि पुन्हा उभारावा लागला.

पहिल्या पावसाळ्यात लावणी केली नाही. मोड आणलेले बी फेकून, म्हणजे रहू पद्धतीने पेरणी केली. सुरुवातीच्या मोठ्या पावसांचे पाणी शेतात साठवून ओहोटीला उघाडीतून सोडण्याचा क्रम चार वेळा केला. जुन्या जाणत्यांनी ही रीत सांगितली. मी केवळ क्षारमापक घेऊन उभा होतो.

निष्पत्ती

२०२२ चे पीक जेमतेम पाच महिने पुरले. २०२३ मध्ये ते साडेसात महिन्यांवर आले. आमचा ‘बहुतेक’चा अंदाज आठ महिन्यांचा होता. मे २०२३ मध्ये विहिरीचे पाणी १,०५० वर उतरले. अंदाज ९५० होता. उत्पन्न मात्र एकरी १२,००० च्या पुढे गेले नाही, कारण जिताड्याचे बीज वेळेवर मिळाले नाही आणि हा मासा विक्रीयोग्य होईपर्यंत दोन हंगाम जातात, हे आम्ही हिशेबात नीट धरले नव्हते. प्रत्यक्षातील मात्रा अशा निघाल्या: उत्पन्न ०.३५, तांदूळ ०.५०, खर्च ०.३८, पाणी ०.६३. किमान ०.३५, म्हणजे ‘निदान’ आणि ‘बहुतेक’ यांच्या साधारण मधोमध.

बाहेरच्या ३० एकरांत आता तिवर आणि चिपी वाढली आहे. पलीकडच्या कोळीवाड्यातील बायका तिथे निवट्या आणि खेकडे धरायला येतात.

काय वेगळे करता आले असते

त्या बायकांपासूनच सुरुवात करतो. खांड पडल्यावर खाजणात त्यांना बारीक मासळी मिळू लागली होती. ९० एकरांवर सातबाऱ्यात त्यांचे नाव नाही, म्हणून आमच्या तीन बैठकांत त्यांना कोणी बोलावले नाही आणि पाच उद्दिष्टांत त्यांचे एकही नव्हते. बाहेरचा पट्टा खुला राहिल्याने त्यांचे साधले, तो निव्वळ योगायोग होता. जुन्या बांधाचा पर्याय निवडला गेला असता तर त्यांचे नुकसान आमच्या तक्त्यात कुठेही दिसले नसते. उद्दिष्टे विचारताना जमिनीचे मालक कोण यापेक्षा त्या जागेवर कोणाचे काय अवलंबून आहे, ही यादी आधी करायला हवी होती.

खर्चाच्या ‘निदान’ अंदाजात आम्ही बाजारभाव वाढण्याचाच विचार केला. कामच पुन्हा करावे लागेल, ही शक्यता धरली नाही. तो दोष सरळ आहे आणि सुधारता येण्याजोगा आहे.

मला अधिक लागलेला दोष दुसरा आहे. उद्दिष्टांच्या बाबतीत मी सरासरीला ठाम विरोध केला. एकाचे नुकसान दुसऱ्याच्या फायद्यात बुडवू नये, हे अर्धा तास समजावून सांगितले. आणि तक्त्यातील प्रत्येक आकडा मात्र गावाच्या सरासरीने काढला. ‘घरचा तांदूळ ०.५६’ याचा अर्थ आत जमीन असलेल्या घरांत ०.७ च्या वर आणि बाहेरच्या पट्ट्यातील घरांत ०.११ असा होता. ५२ कुटुंबांची सरासरी घेतली तेव्हा १४ कुटुंबांचे नुकसान त्यात विरघळले, आणि मी ते पाहिले नाही, कारण माझे लक्ष स्तंभांकडे होते. किमान जसे उद्दिष्टांवर घेतले तसे कुटुंबांच्या गटांवरही घ्यायला हवे होते. तसे केले असते तर आतल्या बांधाची मात्रा ०.५० न येता ०.११ आली असती, म्हणजे कोळंबीइतकीच, आणि मग तळ्यांचा वाटा, जमिनीची अदलाबदल, तांदळाच्या रूपात भरपाई या गोष्टी ठरावानंतर जोडण्याऐवजी पर्यायाचाच भाग म्हणून तोलल्या गेल्या असत्या. पाच कुटुंबांना कागदावर नोंदलेला हक्क हवा होता. ती मागणी आमच्या भाषेत मांडता आली असती.

२०२४ च्या जानेवारीत मी समितीला नवा तक्ता करून दिला. त्यात प्रत्येक उद्दिष्टासमोर तीन ओळी आहेत: आतले खातेदार, बाहेरच्या पट्ट्यातील खातेदार आणि खाडीवर पोट असलेली कोळीवाड्यातील घरे. वाटा नाकारलेल्या पाच कुटुंबांच्या उत्पन्नाची मात्रा त्यात ०.०५ आहे. तळ्यांतील वाट्याचा करार नोंदणीकृत करावा आणि आतील चार एकर पडीक तुकडा या पाच जणांना कसायला द्यावा, असे दोन प्रस्ताव समितीपुढे ठेवले आहेत. दुसऱ्या प्रस्तावाने ती मात्रा ०.३ च्या आसपास जाते. तुकड्याच्या मालकांशी बोलणी चालू आहेत.